पाहुण्याची साक्ष

नवा : सर, इथे काही बिघडलं की आपली पहिली धाव होस्टकडे. स्टोरेजवाल्यांना तिकीट, व्हर्च्युअलायझेशनवाल्यांना फोन, आणि तोवर मानेसरच्या अर्ध्या औद्योगिक वसाहतीत बोंब की सर्व्हर बसला. गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनमध्येच, शिरून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं म्हणणं साधं आहे. कुठली फाइलसिस्टीम कुठे आणि कशी जोडलेली आहे, हे गेस्टचा कर्नल आज नेमकं सांगतो. पूर्वी भरवसा नव्हता, मान्य. ही माहिती /ईटीसी/एमटॅब नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असायची आणि ती कर्नल लिहीत नसे. माउंट कमांड आपलं काम झालं की त्यात एक ओळ घालायची, अनमाउंट ती काढायची. कमांड मध्येच मेली, किंवा कुणी मायनस-एन देऊन माउंट केलं, की कागद एक आणि वस्तुस्थिती दुसरी. सोलारिसनं हे दुखणं २००० साली, आठव्या आवृत्तीत संपवलं. तिथली एमएनटॅब कर्नल स्वतः दाखवायला लागला. लिनक्सला उशीर झाला, पण आरएचईएल ७ पासून एमटॅब ही नुसती सिमलिंक आहे, उघडली की /प्रॉक/सेल्फ/माउंट्सवर जाते. तिथे हातानं काही लिहिता येत नाही. म्हणजे कागद आणि वस्तुस्थिती यांत फरक पडायला जागाच उरलेली नाही. मग गेस्टवर अविश्वास कशाला?

जुना : जागा उरलेली नाही, हे नवीन मशीनवर. इथल्या शॉपफ्लोअरवर काय चालतं ते तू अजून नीट बघितलेलं नाहीस. सेंटओएस ६ चा पाठिंबा ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, पण लेबल छापणारं आणि बारकोड वाचणारं सॉफ्टवेअर ज्यानं लिहिलं तो माणूस दुकान बंद करून गेलेला असतो, म्हणून मशीन तसंच चालू राहतं. अशाच एका ठिकाणचं सांगतो. सुटे भाग करणारा कारखाना, नाव जाऊ दे. व्हीएमवेअरवरचा गेस्ट. रात्री खाली स्टोरेजचा एक मार्ग गेला, दुसऱ्यावर जायला वेळ लागला. गेस्टनं आपली ठरलेली ३० सेकंदं वाट पाहिली, मग लिहिणं फसलं असं धरलं. ईएक्सटी४ चं जर्नल बंद पडलं आणि फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झाली. सकाळी सॉफ्टवेअर म्हणतं, ‘सेव्ह होत नाही.’ अॅपवाल्यांना वाटलं परवानगीचा घोळ असेल, म्हणून त्यांनी नेहमीचा उपाय केला, चीमॉड ट्रिपल सेव्हन. तर चीमॉडच म्हणालं, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम.’ मग त्यांनी माउंट टाइप केलं. तिथे स्वच्छ आरडब्ल्यू. आता कुणाचं खरं धरायचं? त्यांनी माउंटचं धरलं, कारण माहिती माउंटची, तर अधिकार त्याचाच. खरी गंमत अशी की एमटॅब ज्या डिस्कवर होती तीच रीड-ओन्ली झाली होती. आरडब्ल्यू खोडून आरओ लिहायला लिहिण्याची सोय लागते, आणि तीच गेलेली.

नवा : सर, ही गोष्ट तर माझ्या बाजूची आहे. त्याच मिनिटाला त्याच मशीनवर /प्रॉक/माउंट्स बघितलं असतं तर आरओ दिसलं असतं. कर्नलला ठाऊक होतं. प्रश्न भलत्याला विचारला गेला. माउंटइन्फो वाचली असती तर आणखी काही कळलं असतं. ही फाइल २.६.२६ कर्नलपासून, म्हणजे २००८ पासून आहे, सेंटओएस ६ वरही आहे, आणि आपल्याकडे ती कुणी उघडत नाही कारण दिसायला किचकट. एका ओळीत काय असतं बघा. आधी त्या जोडणीचा क्रमांक, मग ती ज्या जोडणीच्या पोटात आहे तिचा क्रमांक, मग डिव्हाइसचे मेजर आणि मायनर, मग त्या फाइलसिस्टीममधला कुठला भाग जोडला तो, मग कुठे जोडला ती जागा, मग ऑप्शन. पुढे एक सुटी आडवी रेघ. रेघेनंतर फाइलसिस्टीमचा प्रकार, मूळ डिव्हाइसचं नाव आणि पुन्हा एकदा ऑप्शन. आरडब्ल्यू किंवा आरओ दोनदा येतं ते काही उगीच नाही. रेघेआधीचं त्या एका जोडणीपुरतं, रेघेनंतरचं अख्ख्या फाइलसिस्टीमचं. तुमच्या त्या मशीनवर रेघेआधी आरडब्ल्यूच दिसलं असतं आणि नंतर आरओ. म्हणजे कुणी मुद्दाम रीड-ओन्ली जोडलेलं नाही, खालून काहीतरी बिनसल्यामुळे फाइलसिस्टीमनं स्वतःच अंग आखडून घेतलंय, एवढा निष्कर्ष एका ओळीवरून निघतो. मग स्टोरेजवाल्यांना खुशाल फोन करावा. पण ‘बघा जरा’ असा नाही, ‘अमुक वाजता डिस्कनं लिहिणं नाकारलं’ असा.

जुना : अमुक वाजता हे तुला कोण सांगणार? लॉग सांगेल म्हणतोस. /व्हार/लॉग त्याच डिस्कवर. ज्या क्षणी सांगण्यासारखं घडलं, त्या क्षणी लिहून ठेवायची सोय बंद झाली. डी-मेसेजमध्ये होतं, पण ते मेमरीत. आणि अॅपवाल्यांनी शेवटी काय केलं असेल? रीबूट. एफएससीकेनं डिस्क नीट केली, मशीन उठलं, आणि रात्री काय झालं याचा गेस्टकडचा एकमेव दाखला पुसला गेला. सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो, लॉग १८० दिवस जपा. जपू की. पण जो लिहिलाच गेला नाही तो कुठून जपायचा? लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय केलेली असेल तरच ती ओळ सापडते, आणि मग ती गेस्टची साक्ष उरत नाही.

(मध्येच लिहिणाऱ्याची लुडबूड : ट्रिपल सेव्हनवर स्वतंत्र लेख लिहायला हवा. आपल्याकडे ते निदानही आहे, औषधही आहे आणि पुष्कळदा पुढच्या आजाराचं कारणही. इथे ते फसलं म्हणून तरी खरा एरर कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आला.)

जुना : आणि तुझ्या कर्नलच्या ओळीबद्दलही एक सांगतो. २०२४ मध्ये ईएक्सटी४ मध्ये एक दुरुस्ती झाली. चूक सापडल्यावर फाइलसिस्टीम स्वतःवर रीड-ओन्लीचा शिक्का मारायची, ते लॉकिंगच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून शिक्का मारणं काढून टाकलं. लिहिणं आतून पहिल्यासारखंच बंद होतं. म्हणजे त्या कर्नलांवर फाइलसिस्टीम लिहू देत नाही आणि ओळीत मात्र आरडब्ल्यू. लोक बुचकळ्यात पडणारच. म्हणून पुढच्या कर्नलांत ऑप्शनांमध्ये ‘इमर्जन्सी-आरओ’ असा नवा शब्द आला. एमटॅब गेली म्हणून तू निश्चिंत झालास, पण नेमका तोच घोटाळा एक मजला खाली उतरून पुन्हा भेटला. आणि याच्याही खाली मजले आहेत. थिन प्रोव्हिजनिंग घे. गेस्टला सांगितलंय तुझी डिस्क २०० जीबी. डीएफ म्हणतं ४० टक्के भरलीय, निवांत राहा. खाली डेटास्टोअरमध्ये एवढीच आश्वासनं पंचवीस जणांना दिलेली, आणि तो काठोकाठ भरलाय. क्यूईएमयूचा शिरस्ता असा की जागा संपल्याचा एरर आला की गेस्टला तो दाखवायचा नाही, गेस्टलाच जागच्या जागी थांबवायचं. सगळं गोठतं. यजमानानं जागा मोकळी करून पुन्हा चालू केलं की गेस्ट जिथे होता तिथून पुढे. त्याच्या माउंट टेबलात एका अक्षराचा फरक नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, क्षेत्र आहे, फेरफार नोंदवलेला आहे. म्हणून जमीन ताब्यात आहे असं कुणी शहाणा माणूस समजतो का? इथे हरियाणात त्याला जमाबंदी म्हणतात, पण सोय तीच. शेतावर जाऊन बांध बघावा लागतो.

नवा : सातबारा खोटा आहे म्हणून कुणी तो फाडून टाकत नाही ना, सर. त्यात काय लिहिलंय आणि काय लिहिणं त्याचं कामच नाही, हे ओळखून वाचतात. माउंट टेबल कुठली गोष्ट कुठे जोडली ते सांगतं. खाली जागा शिल्लक आहे की नाही हे त्याला विचारणंच चूक. पण जे त्याचं काम आहे त्यातही आपण त्याला नीट विचारत नाही. तुम्हीच मागे एक तिकीट माझ्याकडे टाकलं होतं. डिस्क अनमाउंट झालीय, माउंटमध्ये दिसत नाही, तरी डिव्हाइस बिझी. एलएसओएफ गप्प, फ्यूजर गप्प. होस्टवाल्यांना वाटलं गेस्टनं सोडली नाही, गेस्टवाल्यांना वाटलं होस्टनं धरून ठेवलीय, दोन दिवस नुसती टोलवाटोलवी. मी एवढंच केलं, ग्रेपनं सगळ्या प्रक्रियांच्या माउंटइन्फो चाळल्या, /प्रॉक/स्टार/माउंटइन्फो. एका सर्व्हिसच्या माउंटइन्फोत ती डिस्क अजून जोडलेली होती. सिस्टमडीनं त्या सर्व्हिसला प्रायव्हेट-टीएमपी दिलं होतं, म्हणजे तिचं माउंट नेमस्पेस वेगळं. बाहेर अनमाउंट केलेलं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सर्व्हिस रीस्टार्ट, डिस्क सुटली. नेमस्पेस २.४.१९ मध्ये, २००२ साली आलं, आणि तेव्हापासूनच /प्रॉक/माउंट्स ही सेल्फमधल्या फाइलीची सिमलिंक झाली. ज्या प्रक्रियेनं बघावं तिला तिचं टेबल. वीस वर्षांहून जास्त काळ गेला तरी आपण अजून ‘मशीनवर काय माउंट आहे’ असंच विचारतो. होस्टचं कुणी फोनवर हे सांगू शकलं असतं का? त्याला व्हीडीबी नावाची एक डिस्क एका गेस्टला दिलीय, एवढंच दिसतं. आतल्या घरात ती कुणी धरलीय हे आतच कळणार.

जुना : हे मला पटलं. तिकीट तुझ्याकडे टाकलं ते उगीच नाही. पण तू काय कबूल करतोयस ते ऐक. पाहुणा म्हणून एक कुणी साक्षीदार नाहीच. जितकी नेमस्पेसं तितके जबाब, प्रत्येक आपापल्या परीनं खरा.

नवा : म्हणूनच माझी मागणी जास्तीची आहे, कमीची नाही. गेस्टला अजून जास्त कळलं पाहिजे. सीपीयूचं बघा. टॉपमध्ये ‘एसटी’ हा रकाना असतो. तुझ्या वाट्याचा किती वेळ यजमानानं दुसऱ्याला दिला ते गेस्टला बसल्या जागी दिसतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मग डिस्कसाठी तसा रकाना का नको? तुझ्या २०० जीबीच्या मागे आज खरोखर किती उभं आहे, हे का लपवायचं? ओपनव्हीझेडवाल्यांनी २००५ पासून हेच केलं होतं, निदान अर्धं. तिथे गेस्ट म्हणजे कंटेनर, कर्नल सगळ्यांचा एकच, रूटची जागा /डेव्ह/सिमएफएस, आणि त्या नावाचं डिव्हाइस शोधायला गेलात तर नाहीच. लोक तेव्हाही रडायचे. स्वस्तातला व्हीपीएस घेतला, डीएफ दिलं, तर ‘माउंट केलेल्या फाइलसिस्टीमचं टेबल वाचता येत नाही’. कारण साच्यात एमटॅबच नव्हती. /प्रॉक/माउंट्सची सिमलिंक करून दिली की काम भागायचं. पण त्याच डब्यात /प्रॉक/यूजर-बीनकाउंटर्स होतं. मेमरी, प्रक्रिया, सॉकेट, प्रत्येकाची मर्यादा आणि शेवटच्या रकान्यात किती वेळा नकार मिळाला तो आकडा. भाडेकरूच्या हातात त्याचाच मीटर. व्हीएम आल्या आणि हा प्रामाणिकपणा मागे पडला, कारण व्हीएमला आपण खरं मशीन असल्याचं नाटक करायचं असतं.

जुना : नाटकच विकलंय बाबा. भाडेकरू त्याचेच पैसे देतो. डिस्क २०० जीबी आहे असं समजून त्यानं निर्धास्त राहावं, हाच माल. त्याला सांगितलं की मागे १२० च आहेत आणि बाकीचे शेजाऱ्यांच्या वापरावर अवलंबून आहेत, तर तो उद्या घाबरून आपले २०० भरून टाकेल, रिकामे बाइट लिहून. मग डिस्कचा सामाईक पूल आजच संपेल. आणि दुसरी बाजूही आहे. गेस्टला जे कळतं ते गेस्टमध्ये शिरलेल्या चोरालाही कळतं. डॉकरच्या कंटेनरात माउंटइन्फो उघड. ओव्हरलेची ओळ लोअरडिर, अपरडिर सगळं सांगते, थेट होस्टवरचे पत्ते, /व्हार/लिब/डॉकरच्या आतले. होस्ट्स फाइल होस्टच्या कुठल्या फोल्डरमधून आणून बसवलीय तेही लिहिलेलं. आत शिरलेल्याला भिंतीपलीकडचा नकाशा आयता. जानेवारी २०२४ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रन-सीमधलं एक भगदाड जाहीर झालं, होस्टच्या फोल्डरचा एक उघडा धागा कंटेनरात राहून जायचा. अशा वेळी घराचा नकाशा आधीच हातात असणं परवडतं का? तू जास्त माहिती मागतोस ती बिघाड शोधायला. सुरक्षेचा माणूस तीच ओळ झाकायला सांगतो. दोघं एकाच कंपनीचा पगार घेतात.

नवा : झाकली तर तुमचे फोन वाढतील, चोर थांबणार नाही. पण एक विचारतो. डीएफ अडकतं तेव्हा तुम्ही काय करता?

जुना : एनएफएस मेलेला असतो तेव्हाचं म्हणतोस. चाकणला असताना हे फार बघितलं. हार्ड माउंट, समोरचा सर्व्हर गेलेला. मॉनिटरिंग दर मिनिटाला डीएफ सोडतं, प्रत्येक डीएफ प्रत्येक माउंटला ‘किती जागा’ विचारतं, एनएफएसपाशी येऊन बसतं, डी स्टेटमध्ये. दुपारपर्यंत लोड अॅव्हरेज कुठल्या कुठे. सीपीयू मोकळा, आणि आलेख बघणाऱ्याला वाटतं मशीन जळतंय. आजार एनएफएसचा, पण गर्दी डॉक्टरांची. सॉफ्ट माउंट करावं तर लिहिणं अर्धवट राहून डेटा गुपचूप बिघडतो. मी अशा वेळी डीएफच्या नादी लागत नाही. माउंटइन्फो कॅट करतो, एनएफएसची ओळ शोधतो, समोरचा सर्व्हर पिंग करतो.

नवा : म्हणजे तुम्हीही आधी टेबलच वाचता. ते कधी अडकत नाही म्हणून.

जुना : अडकत नाही, कारण ते कुणाला काही विचारतच नाही. कर्नलच्या आठवणीत जे आहे ते सांगतं. एनएफएस सर्व्हरला आग लागली तरी ती ओळ तितक्याच शांतपणे छापली जाते. तुला तो त्याचा गुण वाटतो आणि मला त्याचा दोष, पण गोष्ट एकच आहे. डीएफ खाली जाऊन विचारून येतं, म्हणून अडकतं. जे अडकू शकत नाही ते तपासत नाही, आणि जे तपासतं ते तुलाही बरोबर घेऊन बुडतं.

नवा : मग दोन्हींच्या मधलं काहीतरी करू. प्रत्येक माउंटवर दर मिनिटाला चार अक्षरं लिहून बघणारी स्क्रिप्ट. टेबल काय म्हणतं ते बाजूला ठेवून, लिहिता येतं की नाही एवढंच.

जुना : लिहिलंस की ते पेज कॅशमध्ये जाईल आणि कर्नल म्हणेल झालं. डिस्कला अजून पत्ता नाही.

नवा : एफसिंक करीन.

जुना : एफसिंक अडकेल. ती प्रक्रिया डी स्टेटमध्ये, किल मायनस नाइननंही हलणार नाही. पुढच्या मिनिटाला दुसरी येईल. तुझी स्क्रिप्ट म्हणजे चाकणचं डीएफच झालं.

नवा : नाही, एकच ठेवायची, आणि तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया डिस्कला हात न लावणारी. उत्तर ठरल्या वेळात आलं नाही, तर न येणं हेच उत्तर धरायचं.

जुना : ठरल्या वेळात म्हणजे किती? एससीएसआय डिस्कला लिनक्स ३० सेकंदं देतो. व्हीएमवेअर टूल्स घातले की ते १८० करतात, मार्ग बदलायला खालच्यांना सवड मिळावी म्हणून. माझ्या त्या कारखान्यात टूल्स घातलेले असते तर ती रात्र कदाचित निभावली असती. केव्हीएमवर व्हर्टिओ-ब्लॉक असेल तर तो आपण होऊन हार मानतच नाही, नुसता १२० सेकंदांनी डी-मेसेजमध्ये कुरकुरतो की अमुक प्रक्रिया अडकलीय. यातला कुठला आकडा तू घेणार? लाइनवरच्या माणसाला विचार, तो दोन सेकंद म्हणेल. इथे सीटा आणि डॅशबोर्ड गाडीच्या क्रमानं पाठवतात, लेबल छापायला उशीर झाला की ट्रक थांबतो. दोन सेकंदांवर तू डिस्क मेली म्हणून जाहीर केलंस, क्लस्टरनं दुसरीकडे तोच डेटाबेस उठवला, आणि तिसऱ्या सेकंदाला पहिला शुद्धीवर आला तर? एका डिस्कवर दोघं लिहायला बसतील.

नवा : त्यासाठी फेन्सिंग असतं. पहिल्याची वीज तोडायची, मगच दुसरा उठवायचा.

जुना : आणि वीज तोडायची कळ कुणाकडे? होस्टकडे. आलास ना फोनवर?

नवा : आलो. पण मी फोन करीन तेव्हा माझ्याकडे माउंटइन्फोची ओळ असेल, त्यांच्याकडेही माझ्यासाठी काहीतरी असू दे. पूल किती भरलाय तो आकडा करारात मागून घ्या.

जुना : मागितला होता. ते म्हणाले, पूल सगळ्यांचा आहे. त्याचा आकडा तुम्हाला देणं म्हणजे बाकीच्या भाडेकरूंचं वागणं तुम्हाला दाखवणं. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

नवा : आकडा नको. माझ्या राहिलेल्या जागेमागे आज डिस्क उभी आहे की नाही, एवढं हो किंवा नाही सांगा. गेस्टमध्येच, एका फाइलीत.

जुना : त्या फाइलीत ‘हो’ आलं. तू त्यावर विसंबून रात्रीचा बॅकअप सुरू केलास. दहाव्या मिनिटाला शेजाऱ्यानं उरलेली जागा खाल्ली. आता ते ‘हो’ कुणाच्या अंगावर?

नवा : ज्यानं लिहिलं त्याच्या.

जुना : तो म्हणेल, मी लिहिलं तेव्हा ते खरंच होतं.